विषयाच्या तासातच जीवनकौशल्ये: शिक्षक प्रशिक्षण नेमकं कसं आखावं?

(शिक्षकांमधली चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

टाचणवही

पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या ४० शिक्षकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण आखते आहे. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल असे सगळ्या विषयांचे शिक्षक एकत्र असतील. जीवनकौशल्यांसाठी वेगळी तासिका नाही. जे करायचं ते ३५ मिनिटांच्या नेहमीच्या तासात, पाठ्यपुस्तकातला घटक शिकवता शिकवता.

मला नेहमीची वाट टाळायची आहे. पहिल्या दिवशी व्याख्या, दुसऱ्या दिवशी खेळ, तिसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ते लावून सादरीकरण. त्यातून टाचणाच्या (तासाच्या लेखी आराखड्याच्या) तळाशी 'जीवनकौशल्ये: चिकित्सक विचार, समानुभूती, संप्रेषण' अशी एक ओळ वाढते आणि तास होता तसाच राहतो.

तीन दिवसांची वेळ कशी वाटावी? टाचणात काय लिहून घ्यावं? गणित-विज्ञानाचे शिक्षक 'आमच्या विषयात हे कुठे बसवायचं' असं विचारतात, त्यांच्यापुढे कोणता नमुना ठेवावा? आणि नंतर वर्गात काही बदललं की नाही, हे कसं पाहावं?

सुलभक

टाचणवही ताई, वेळेच्या वाटणीआधी कौशल्यांची संख्या कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० च्या दशकात मांडलेली दहा कौशल्यं आपण सगळेच वापरतो: स्वजाणीव, समानुभूती (दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याची भावना समजून घेणं), समस्या निराकरण, निर्णय घेणे, परिणामकारक संप्रेषण, व्यक्ती-व्यक्तींमधील सहसंबंध, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांचं समायोजन आणि ताणतणावांचं समायोजन. तीन दिवसांत दहाच्या दहा घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला एक तक्ता आणि एक खेळ येतो, सराव कशाचाच होत नाही. पहिल्या फेरीत तीनच घ्या: चिकित्सक विचार, संप्रेषण आणि निर्णय घेणे. ही तिन्ही प्रत्येक विषयात रोज लागतात आणि वर्गात मागे उभं राहिलं तरी दिसतात. भावना आणि ताण कमी महत्त्वाचे आहेत असं नाही, पण ते हाताळायला शिक्षकाचा हात आधी बसलेला लागतो.

मग कौशल्य दिसणाऱ्या वर्तनात उतरवा. 'चिकित्सक विचार करतो' हे कुणालाच दिसत नाही. 'मत मांडताना पुस्तकातला किंवा आकृतीतला पुरावा बोट ठेवून दाखवतो' हे दिसतं. 'संप्रेषण सुधारतं' असं न लिहिता 'जोडीदाराचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत परत सांगतो, मग आपलं सांगतो' असं लिहा. निर्णय घेण्यासाठी: 'किमान दोन पर्याय मांडतो आणि एक सोडण्याचं कारण सांगतो.' एका तासाला एकच वर्तन. दोन ठेवली की शिक्षकाचं लक्ष दोन्हींवरून उडतं आणि शेवटी तो घटक 'संपवायला' लागतो.

इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो. कौशल्य वापरायला लावणं आणि कौशल्य शिकवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना गटात बसवलं म्हणजे सहकार्य शिकवलं, असं होत नाही. ज्याला आधीच जमतं तो बोलतो आणि बाकीचे त्याचं उतरवून घेतात. शिकवायचं असेल तर चार पावलं लागतात. आज काय करायला शिकतो आहोत ते नाव घेऊन सांगायचं, शिक्षकानं एकदा करून दाखवायचं, मुलांनी घटकातल्याच मजकुरावर ते करायचं, आणि शेवटी दोन-तीन मिनिटं मागोवा घ्यायचा. सगळ्यात आधी गळतो तो मागोवा, कारण तो तासाच्या शेवटी असतो आणि तोवर घंटा होते. म्हणून टाचणात मागोव्याची वेळ घड्याळातली लिहायला लावा, 'शेवटी' असं नको.

आता तीन दिवस. हाती असेल तर ते सलग घेऊ नका. दोन दिवस आधी, मग पाच-सहा आठवडे वर्गात वापर, मग तिसरा दिवस. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या शिक्षण संशोधकांनी १९८० साली शिक्षक प्रशिक्षणाचे पाच घटक मांडले: सिद्धान्त, प्रात्यक्षिक, सराव, प्रत्याभरण (काय जमलं, काय नाही हे करणाऱ्याला सांगणं) आणि प्रत्यक्ष वर्गात मिळणारं मार्गदर्शन. आपल्या बहुतेक प्रशिक्षणांची गाडी पहिल्या दोनांवरच थांबते. शिक्षण संशोधक थॉमस गस्की यांची १९८६ ची मांडणीही इथे उपयोगी आहे: शिक्षकाचं मत आधी बदलत नाही, नवी पद्धत वापरून मुलांमध्ये फरक दिसला की मग बदलतं. म्हणून 'जीवनकौशल्ये का महत्त्वाची' हे पटवून देण्यात सकाळ घालवू नका. ते पटेल चौथ्या आठवड्यात, वर्गात.

पहिल्या दिवसाची सुरुवात व्याख्येनं न करता तासानं करा. एकच घटक आधी नेहमीसारखा शिकवा, १५ मिनिटं. मग तोच घटक एक कौशल्य गुंफून, २० मिनिटं. चार शिक्षकांना बाजूला बसवून फक्त रेघोट्या मारायला सांगा: शिक्षकाची वाक्यं किती, विद्यार्थ्यांची किती, कारण देणारी किती, एकूण किती जण बोलले. नंतरची २५ मिनिटं त्या रेघोट्यांवरच चर्चा. फरक आकड्यांत दिसल्यावर व्याख्या आपोआप त्यांच्याच तोंडून येते. एक खबरदारी घ्या. प्रशिक्षणार्थ्यांना 'विद्यार्थी व्हा' म्हटलं की काही जण खोडकर मुलाचं नाटक करतात आणि अनुभव वाया जातो. 'वयानं लहान होऊ नका, प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधा' एवढं आधीच सांगा.

दुपारी प्रत्येकानं आपलं पाठ्यपुस्तक उघडायचं. येत्या दोन आठवड्यांत जो घटक शिकवायचा आहे तोच घेऊन येण्याची अट निमंत्रणाच्या पत्रातच घाला, नाहीतर सगळे आपापला आवडता, आधीच रंगणारा पाठ निवडतात. घटक निवडल्यावर एक चाचणी लावा: हे कौशल्य काढून टाकलं तर घटक जसाच्या तसा शिकवता येतो का? येत असेल तर ते वरून चिकटवलेलं आहे. अपूर्णांकांच्या बेरजेनंतर 'मिळून मिसळून राहावं' हे सांगणं चिकटवलेलं. दोन विद्यार्थ्यांची वेगवेगळी उत्तरं फळ्यावर ठेवून 'चूक नेमकी कोणत्या पायरीला झाली' हे जोडीनं शोधायला लावणं आतून आलेलं.

टाचणाचा नवा नमुना छापू नका. आहे त्या टाचणात तीन ओळी वाढवा: दिसणारं वर्तन, विद्यार्थ्यांना द्यायची सूचना शब्दशः, मागोव्याचे दोन प्रश्न. यातली दुसरी ओळ सगळ्यात जास्त काम करते. 'गटात चर्चा करा' ही सूचना नव्हे. सूचना अशी हवी: 'एक मिनिट एकट्यानं वहीत लिहा. मग डावीकडच्यानं आपलं कारण सांगायचं. उजवीकडच्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि विचारायचं, असंच म्हणायचंय ना? मग अदलाबदल. एकूण तीन मिनिटं.' सूचना कच्ची असली की वर्गात गोंगाट होतो, आणि शिक्षक त्याचं खापर गटकार्यावर फोडून पुन्हा फळ्याकडे वळतो.

दुसरा दिवस पूर्ण सूक्ष्म अध्यापनाला, म्हणजे छोट्या गटापुढे काही मिनिटं शिकवून पाहण्याच्या सरावाला द्या. ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी बसवली. तिचं सार आहे ते शिकवणं, प्रत्याभरण, सुधारणा आणि पुन्हा शिकवणं. ४० जणांचे पाचाचे आठ गट करा. एका पाळीत ७ मिनिटं शिकवणं, ५ मिनिटं प्रत्याभरण, ३ मिनिटं टाचणात दुरुस्ती आणि पुन्हा ७ मिनिटं शिकवणं, म्हणजे २२ मिनिटं. पाच पाळ्यांना ११० मिनिटं, उठबस धरून दोन तास. सकाळी एक फेरी, दुपारी वेगळ्या वर्तनावर दुसरी. सकाळचे गट एकाच विषयाचे ठेवा, दुपारचे मिश्र. एकाच विषयाच्या गटात मजकुराच्या चुका सापडतात. मिश्र गटात सूचना कुठे कळत नाही ते सापडतं, कारण बाकीचे त्या विषयात खरोखर विद्यार्थी असतात.

अपूर्णांक

सुलभकांच्या चाचणीशी सहमत. गणिताच्या शिक्षकांसाठी स्तंभालेखाचा नमुना देते. हा घटक सगळ्यांना शिकवायचाच असतो, त्यामुळे 'जादा काम' ही तक्रार येत नाही.

माहिती दोनच आकड्यांची ठेवा: एका वर्गाची उपस्थिती ९२ टक्के, दुसऱ्याची ९६ टक्के. फळ्यावर आलेख काढताना उभा अक्ष ९० पासून सुरू करा, १ सेंटिमीटरला १ टक्का. (फळ्यावर सगळं दहापटीनं मोठं करा, वहीत हेच माप.) एक स्तंभ २ सेंटिमीटर, दुसरा ६. अक्षावरचे आकडे स्पष्ट लिहा, लपवू नका. ठरवलेलं वर्तन: 'चित्रावरून केलेलं विधान अक्ष वाचून तपासतो.'

तास असा जातो. पहिली १२ मिनिटं पुस्तकातलं प्रमाण-वाचन, नेहमीसारखं. मग फळ्यावरचा आलेख आणि प्रश्न: 'दुसऱ्या वर्गाची उपस्थिती पहिल्याच्या साधारण किती पट दिसते?' १ मिनिट एकट्यानं लिहायचं. ३ मिनिटं जोडीत, कारणासह. बरीच मुलं 'तिप्पट' लिहितात, काही आकडे वाचून अडखळतात, आणि ते अडखळणंच आपल्याला हवं आहे. मग वहीत तीच माहिती शून्यापासून अक्ष घेऊन काढायची, १ सेंटिमीटरला १० टक्के, ८ मिनिटं. आता स्तंभ ९.२ आणि ९.६ सेंटिमीटर येतात, फरक ४ मिलिमीटर. पुढची ४ मिनिटं एकाच प्रश्नाला: 'दोन्ही आलेखांतले आकडे बरोबर आहेत. मग तुमचं मत कशामुळे बदललं?' ३ मिनिटं मागोवा. झाली ३१ मिनिटं, उरलेली ४ स्वाध्यायाला.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, शिक्षक आलेख काढतानाच म्हणतो, 'नीट बघा हं, हा फसवा आहे.' तिथेच विचार संपला, उरली फक्त आज्ञा. सूक्ष्म अध्यापनात हे वाक्य दहापैकी कितीदा तोंडून निघतं ते मोजा. सवय जबरदस्त असते. दुसरं अधिक नाजूक आहे. मुलं निष्कर्ष काढतात की शून्यापासून न काढलेला प्रत्येक आलेख खोटा. तसं नाही. रोजच्या तापमानाचा रेषालेख शून्यापासून काढला तर बदल दिसेनासा होतो आणि तिथे अक्ष शून्यापासून न घेणं योग्यच असतं. म्हणून मागोव्यात हा प्रश्न हवाच: 'असा अक्ष घेणं कधी योग्य ठरेल?' तो वगळला तर मूल संशय घ्यायला शिकतं, तपासायला नाही.

शाब्दिक उदाहरणांसाठी गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांच्या चार पायऱ्या आहेतच: उदाहरण समजून घेणं, योजना करणं, योजना अमलात आणणं, मागे वळून पाहणं. वर्गात चौथी पायरी जवळजवळ कधीच होत नाही. 'उत्तर बरोबर' म्हटलं की वही मिटते. आठवड्यातून एका उदाहरणाला तरी 'हेच दुसऱ्या रीतीनं सुटलं असतं का, आणि कोणती रीत का निवडाल' हे विचारा. निर्णय घेण्याचा सराव त्यातच होतो.

लंबक

विज्ञानाचं मी सांगतो. साहित्य: दोरा, एक जड नट, पट्टी, सेकंद दाखवणारं घड्याळ. दोऱ्याची लांबी टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत ५० सेंटिमीटर. १० पूर्ण आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा. तो सुमारे १४.२ सेकंद येतो.

वर्गात आठ गट असले तर दोन-तीन गटांचं उत्तर १२.८ च्या आसपास येतं. कारण ठरलेलं आहे: नट सोडतानाच ते 'एक' म्हणतात. सोडताना 'शून्य' म्हणायला हवं. त्यामुळे त्यांची दहा म्हणजे प्रत्यक्षात नऊच आंदोलनं असतात. विषयाचा तास आणि जीवनकौशल्य इथे खरोखर एक होतात, आणि नेमक्या याच जागी शिक्षक बोलून टाकतो: 'अरे, तुम्ही चुकीचं मोजलंत.' बोलू नये. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि १४.२ चा एक गट, १२.८ चा एक गट समोरासमोर बसवावा. सूचना: 'दुसऱ्या गटाचं चुकलं असं म्हणायचं नाही. त्यांनी काय केलं ते एकदा करून दाखवायला सांगा आणि फक्त बघा. फरक सापडला की हात वर करा.' बहुतेक वेळा पाच मिनिटांत सापडतो. मतभेद असताना आवाज न चढवता पुरावा मागणं, हे वर्तन याहून चांगलं कुठे शिकवणार?

नियंत्रणाचा मुद्दाही सोडू नका. 'आंदोलनाचा वेळ कशावर अवलंबून असेल' हे मुलांना ठरवू द्या: लांबी, वजन, किती ओढून सोडलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा विज्ञानाचा नियम आहे आणि निर्णय घेण्याचाही. फार ओढून सोडलं तर वेळ थोडा वाढतो, म्हणून सगळ्या गटांना ओढ १० सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगा, नाहीतर तुलना बिघडते.

गटात चौघांपेक्षा जास्त नकोत. कामं: सोडणारा, मोजणारा, घड्याळ पाहणारा, नोंद करणारा. दुसऱ्या वाचनाला कामं फिरवायची. पाचवा आला की तो प्रेक्षक होतो. आणि कामं फिरवली नाहीत तर नोंद नेहमी सुवाच्य अक्षर असलेल्याकडेच जाते, नट नेहमी धीट मुलाकडे.

शब्दवेध

वरच्या तिन्ही प्रतिसादांत विचार आणि संप्रेषण आलं. भाषा आणि इतिहासाचे शिक्षक मात्र पहिल्याच आठवड्यात समानुभूतीकडे वळतील, कारण पाठच तसे असतात. तिथे घाई केली तर मुलांना इजा होते, म्हणून हे स्पष्ट लिहिते.

पाठातल्या पात्राचं दुःख वाचून झालं की शिक्षक विचारतो, 'तुमच्या घरी कुणाला असं झालंय का?' भर वर्गात हा प्रश्न विचारू नये. ज्याच्या घरी खरंच झालंय त्याला एकतर खोटं बोलावं लागतं किंवा सगळ्यांसमोर उघडं पडावं लागतं. पात्राचं अंतर राखा. 'या प्रसंगात ती गप्प का राहिली असेल? तिच्या कोणत्या वाक्यावरून तसं वाटतं?' मूल स्वतःचा अनुभव आतल्या आत त्याला जोडतंच, तो बाहेर काढून दाखवायची गरज नसते. कोणत्याही भावनिक कृतीत 'मला आत्ता बोलायचं नाही' असं म्हणण्याचा हक्क आधी जाहीर करायचा आणि तो वापरणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

इतिहासात 'तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं' हा आवडता प्रश्न. त्यातून मुलं आजच्या डोक्यानं उत्तर देतात आणि पूर्वीची माणसं त्यांना मूर्ख वाटू लागतात, म्हणजे समानुभूतीच्या अगदी उलट. वहीत दोन रकाने पाडा: 'त्या दिवशी त्या व्यक्तीला काय माहीत होतं' आणि 'आज आपल्याला काय माहीत आहे'. पहिला रकाना पाठातल्या मजकुरावरूनच भरायचा. मग प्रश्न: 'फक्त पहिल्या रकान्यातलं हाती असताना कोणते पर्याय होते?' सहा-सात मिनिटांत होतं, आणि कालक्रम पक्का होतो तो वेगळाच फायदा.

भूमिकाभिनय करताना मुलांना छळ करणारा आणि छळ सोसणारा अशा भूमिका देऊ नका. त्याऐवजी सल्लागार, साक्षीदार, पत्र लिहिणारा अशा भूमिका द्या. संपल्यावर प्रत्येकानं भूमिकेतून बाहेर यायचं: स्वतःचं नाव घ्यायचं आणि 'मी त्या पात्रापेक्षा वेगळा आहे, कारण...' असं एक वाक्य म्हणायचं. दीड मिनिट लागतं. हे टाळलं की मधल्या सुट्टीत त्याच नावानं चिडवणं सुरू होतं.

टाचणवही ताई, एक अर्धा तास यासाठी राखून ठेवाच: एखाद्या मुलानं काही गंभीर सांगितलं तर काय करायचं. शांतपणे ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. त्याच दिवशी शाळेनं नेमलेल्या जबाबदार व्यक्तीला कळवायचं आणि मुलानं वापरलेले शब्द तसेच लिहून ठेवायचे. ही व्यक्ती कोण, हे प्रत्येक शिक्षकाला प्रशिक्षणातून उठण्याआधी नावानिशी माहीत हवं.

टाचणवही

खूप उपयोगी पडतंय, मनापासून आभार. दोन + एक दिवसांची मंजुरी मागते आहे. तीन शंका उरल्या. 'अभ्यासक्रम पूर्ण होत नाही' याला उत्तर काय द्यावं? कौशल्यांना गुण द्यावेत का? आणि आठ गटांना आठ अनुभवी निरीक्षक माझ्याकडे नाहीत, दोनच आहेत.

सुलभक

अभ्यासक्रमाचं उत्तर हिशेबानं द्या, भाषणानं नाही. आठवड्याला एका विषयाच्या सहा तासिका म्हणजे २१० मिनिटं. त्यातल्या फक्त दोन तासिकांत प्रत्येकी ८ मिनिटं मागायची: १६ मिनिटं, एकूण वेळेच्या ८ टक्क्यांहून कमी. आणि तीही वरून वाढलेली नाहीत, कारण त्या मिनिटांत घटकच चालू असतो. कमी होतं ते शिक्षकानं पुन्हा सांगणं आणि फळ्यावरचं उतरवून घेणं. रोज प्रत्येक तासाला कौशल्य हवं असा आग्रह धरलात तर मात्र तक्रार खरी ठरेल आणि पुन्हा कागदावरच्या ओळी सुरू होतील.

बाकीच्या दोन शंका निरीक्षणाशी निगडित आहेत. पडताळा यांनी त्यावर लिहावं.

पडताळा

गुण देऊ नयेत. समानुभूतीला दहापैकी सात म्हणजे काय, हे शिक्षकालाही सांगता येणार नाही, आणि गुण आहेत म्हटल्यावर मुलं गुणांसाठी वागून दाखवतात. त्याऐवजी नोंद ठेवा, तीही थोडक्यात. एका तासाला पाचच विद्यार्थी निवडायचे, ठरलेलं एकच वर्तन बघायचं, आणि नावापुढे तीनपैकी एक खूण: स्वतःहून केलं, आठवण दिल्यावर केलं, अजून नाही. ४० च्या वर्गाची एक फेरी आठ तासिकांत होते. पाच-सहा आठवड्यांनी त्याच वर्तनाची दुसरी फेरी. 'आठवण दिल्यावर'मधून 'स्वतःहून'मध्ये किती गेले, तेवढंच पाहायचं. सगळ्या वर्गावर एकाच तासात खुणा केलेला तक्ता दिसला तर तो तास संपल्यावर, अंदाजानं भरलेला असतो.

शिक्षकाचं निरीक्षण करताना मी एका गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देतो: प्रश्न विचारल्यावर तो किती थांबतो. शिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांवर काम करून दाखवलं की शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, गप्प राहणं कमी होतं. दुसरा विराम तितकाच मोलाचा: मुलानं उत्तर दिल्यावर 'छान' म्हणण्याआधीचा. तो पाळला तर मूल स्वतःच पुढे 'कारण...' म्हणून वाक्य पुरं करतं. कारण सांगणं हे आपलं ठरवलेलं वर्तन असेल आणि शिक्षक 'छान' म्हणून तिथेच तोडत असेल, तर बाकी सगळं टाचण व्यर्थ आहे. सरावात निरीक्षकानं शिक्षकाला दिसेल अशी बोटं उघडायची, एक, दोन, तीन. पहिल्यांदा ते तीन सेकंद शिक्षकाला फार लांब वाटतात. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला हात बसतो.

आठ निरीक्षक लागणार नाहीत. गटातल्या पाचांपैकी एक शिकवतो, तिघं विद्यार्थी, पाचवा निरीक्षक, आणि ही जागा फिरती. त्याच्या हातात एक कार्ड द्या, त्यावर तीनच अपुरी वाक्यं: 'सूचना दिल्यावर मुलांनी पहिलं काम केलं ते...', 'ठरलेलं वर्तन मला दिसलं तेव्हा...', 'तुम्ही प्रश्नानंतर थांबलात ते साधारण... सेकंद'. 'छान', 'अजून प्रभावी करता येईल' अशा शेऱ्यांना कार्डावर जागाच ठेवू नका. दोन्ही अनुभवी निरीक्षकांनी चार-चार गटांत फिरायचं आणि शिकवणाऱ्याला न बोलता निरीक्षकाचं कार्ड तपासायचं. पाहिलेलं लिहिलंय की वाटलेलं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकाकडून तीन वस्तू मागवा: वापरलेली दोन टाचणं, त्या तासातल्या तीन विद्यार्थ्यांच्या वह्या (एक पुढचा, एक मधला, एक मागे पडणारा) आणि जिथे कृती फसली तिथली ओळ लाल पेननं खुणावलेली. फसलेल्या ओळींवर सकाळ घालवा. बहुतेक ओळी सूचनेच्या शब्दांपाशी किंवा वेळेपाशीच सापडतील, त्या तिथल्या तिथे दुरुस्त करून पुन्हा करून बघता येतात. आणि मधल्या आठवड्यांसाठी शिक्षकांच्या जोड्या दुसऱ्या दिवशीच लावून टाका, एकाच शाळेतले, शक्यतो एकमेकांच्या रिकाम्या तासिका जुळणारे. प्रत्येकानं जोडीदाराचा एक तास पाहायचा, तारीख त्याच खोलीत वेळापत्रक समोर ठेवून लिहायची. 'सोयीनं बघू' म्हटलेली भेट होत नाही.

सूक्ष्म अध्यापनात वेळ कमी पडायला लागला की लोक पुन्हा शिकवणंच वगळतात. ते वगळू नका. शिकवण्याची ७ मिनिटं दोन्ही वेळा ५ वर आणा, प्रत्याभरण ४ वर आणि दुरुस्तीची ३ मिनिटं तशीच ठेवा. पाळी १७ मिनिटांची होते आणि पाच जण ८५ मिनिटांत बसतात.